पोरांवर विश्वास नाही म्हणून गादी टिकली?

वाचकाचं पत्र (थोडक्यात, ओळख पटेल असं सगळं बदलून):

वय ६७. नगर भागात खत-बियाणं आणि सिमेंटचा होलसेल धंदा, दोन गोडाऊन, चार गाड्या, सगळं स्वतःच्या हिमतीवर उभं केलेलं. दोन मुलगे धंद्यात, मुलगी लग्न होऊन पुण्याला. मागच्या वर्षी पुण्यात दोन स्टेंट बसवले, घरी सांगितलं की कंपनीची डीलर मीटिंग आहे. खरं फक्त ड्रायव्हरला आणि जुन्या मुनीमजींना माहीत. मुनीमजी रोज रात्री फोन करून दोन्ही मुलांचा रिपोर्ट देतात. ऑफिसच्या कॅमेऱ्यात आवाजही रेकॉर्ड होतो, हे मुलांना माहीत नाही. महिन्यापूर्वी मुनीमजींनी मोठ्याच्या व्हॉट्सॲपचा फोटो दाखवला, तो एका दुसऱ्या कंपनीच्या एजन्सीसाठी परस्पर बोलणी करतोय. आता यांच्या मनात आहे की मोठ्याला पत्ता लागू न देता मृत्युपत्र बदलायचं आणि सगळं धाकट्याच्या नावावर करायचं. पत्राच्या शेवटी लिहिलंय: "शाहजहानने पोरांना फौजा दिल्या, मोकळीक दिली, शेवटी आग्र्याच्या किल्ल्यात कैद झाला. औरंगजेबाने एकाही पोरावर विश्वास ठेवला नाही, म्हणून शेवटच्या श्वासापर्यंत गादीवर राहिला. आमच्या भिंगारलाच मेला तो, पण बादशहा म्हणून मेला. मी काय चुकीचं करतोय?"

काका, नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, आणि आधी तुमचं जे बरोबर आहे ते मान्य करते. औरंगजेब ८८ वर्षांचा होऊन गेला, गादीवर असतानाच गेला, आणि पाच पोरांपैकी एकालाही त्याला खाली ओढता आलं नाही. गादीवर टिकणं एवढाच हिशोब असेल तर तुमचं गणित बरोबर. फक्त मला वाटतं की तुम्ही शाहजहानचं उदाहरण उलटं लावलंय, आणि औरंगजेबाचं अर्धवट.

शाहजहान मोकळीक दिल्यामुळे बुडाला असं तुम्ही म्हणता. पण १६५७ च्या सप्टेंबरात दिल्लीत नेमकं काय झालं ते बघा. बादशहा आजारी पडला, लघवी अडली, ताप. रोज सकाळी झरोक्यात येऊन लोकांना दर्शन द्यायची त्याची पद्धत होती, ती बंद पडली. मोठा मुलगा दारा शुकोह जवळ होता, त्याने आजारपणाची खबर बाहेर जाऊ नये म्हणून बंगाल, गुजरात आणि दख्खनकडे जाणारे जासूद अडवले, भावांचे जे वकील, म्हणजे त्यांची माणसं, दरबारात होती त्यांच्यावर पहारे बसवले. हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही, गोंधळ होऊ नये म्हणूनच केलं असणार. झालं काय, की तीन भाऊ तीन कोपऱ्यात, शुजा बंगालमध्ये, मुराद गुजरातेत, औरंगजेब इकडे दख्खनमध्ये, आणि तिघांनीही एकच निष्कर्ष काढला की अब्बाजान गेले आणि दारा लपवतोय.

पुढची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आठवड्याभराने शाहजहान सावरला, झरोक्यात येऊन लोकांना दिसला, पोरांना स्वतःच्या हाताने पत्रं लिहिली, शिक्के मारले. आणि पोरांनी ती पत्रं खरी मानलीच नाहीत. म्हणाले दाराला वडिलांचं अक्षर हुबेहूब काढता येतं, त्यानेच लिहिली असणार. एकदा लपवाछपवी सुरू झाली की नंतर तुम्ही खरं बोललात तरी ते खोटंच वाटतं, याचा याहून मोठा पुरावा काय देऊ तुम्हाला? शुजा आणि मुरादने आपापल्या ठिकाणी स्वतःला बादशहा जाहीर केलं, औरंगजेब आणि मुरादमध्ये सांकेतिक लिपीत पत्रं सुरू झाली, मे १६५८ च्या अखेरीस आग्र्याजवळ सामूगढला दारा हरला, आणि दहा-बारा दिवसांतच औरंगजेबाने आग्र्याच्या किल्ल्याचं यमुनेचं पाणी तोडून बापाला गुडघ्यावर आणलं. त्यानंतर १६६६ मध्ये मरेपर्यंत शाहजहान तिथेच.

फौजा होत्या, महत्त्वाकांक्षा होती, ती तर त्या घराण्यात पिढीजात होती, खुद्द शाहजहानने तरुणपणी जहांगीरविरुद्ध बंड केलेलंच होतं. पण ठिणगी कशाने पडली? बापाच्या तब्येतीची बातमी दाबल्याने.

आता तुमचे दोन स्टेंट आठवा.

तुम्हाला वाटतंय की ही गोष्ट फक्त दोन माणसांना माहीत आहे. काका, रक्त पातळ करायची गोळी तुम्ही रोज घेत असाल, ती तालुक्यातल्या मेडिकलमधूनच येत असेल. ड्रायव्हरला बायको आहे. मुनीमजींना घर आहे. मला तर दाट शंका आहे की काकूंना माहीत आहे आणि त्या तुमच्याकडून ऐकायची वाट बघत गप्प बसल्यात. आणि मोठ्याला कुठूनतरी अर्धवट कळलं असेल, समजा "साहेबांचं हार्टचं काहीतरी झालं होतं पुण्याला" एवढंच, तर ३९-४० वर्षांचा, बायकापोरं असलेला माणूस काय विचार करेल? उद्या बाप गेला तर माझं काय, माझ्या नावावर तर एक चेकबुकसुद्धा नाही. मग तो स्वतःची एक एजन्सी बघून ठेवेल. मी असं म्हणत नाही की नक्की हेच झालंय. पण तुम्ही ज्याला गद्दारी म्हणताय त्याचा हाही एक अर्थ निघतो, आणि तुम्ही तो तपासलेलाच नाही.

आता औरंगजेब. त्याने बापाच्या गोष्टीतून धडा घेतला तो असा की पोरांना कायम अंधारात ठेवायचं आणि आपण सगळं बघायचं. त्याच्याकडे त्यासाठी आख्खी यंत्रणा होती, वाकेनवीस, खुफियानवीस, हरकारे असे उघड आणि गुप्त बातम्या कळवणारे लोक, सुभ्यासुभ्यातून कागद यायचे आणि पोरांच्या छावणीतही त्याचे बातमीदार बसलेले असायचे. तुमच्या आवाजवाल्या कॅमेऱ्यापेक्षा बरंच भारी काम होतं ते. तरीसुद्धा पाचपैकी चार पोरांनी कधी ना कधी त्याच्या पाठीमागे शत्रूशी संधान बांधलं किंवा तसा त्यांच्यावर आरोप आला. थोरला मुहम्मद सुलतान काका शुजाला जाऊन मिळाला, परत आला तो कैदेतच पडला आणि १६७६ मध्ये कैदेतच मेला. मुअज्जमने १६८७ मध्ये गोवळकोंड्याच्या वेढ्यात कुतुबशाहाशी गुपचूप पत्रव्यवहार केला, पत्रं पकडली गेली, त्याला मुलांसकट अटक झाली आणि पुढची सात-आठ वर्षं गेली. अकबराने, म्हणजे प्रसिद्ध बादशहा अकबर नव्हे, औरंगजेबाच्या या मुलाने, तर उघड बंडच केलं. कामबक्षाला जिंजीच्या वेढ्यात त्याच्याच बरोबरच्या सरदारांनी पकडून बापासमोर आणलं. कैद किंवा परागंदा होणं, यातलं काहीच वाट्याला आलं नाही असा एकटा आझम.

म्हणजे एवढी पाळत ठेवून पोरं प्रामाणिक झाली नाहीत, फक्त जास्त लपवून करायला शिकली. पोराला कळतं हो की आपल्याकडे कोणीतरी बघतंय. तुमच्या मोठ्यालाही कॅमेऱ्याचं कळलं असणार, तो फोनवर बोलायला ऑफिसबाहेर जातो असं तुम्ही स्वतःच लिहिलंय पत्रात, आणि त्याला पुरावा म्हणून लिहिलंय.

अकबराची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण मृत्युपत्राचा तुमचा जो प्लॅन आहे ना, तो मला तिथला वाटतो. जानेवारी १६८१. राजपुतांवर पाठवलेला शहजादा अकबर त्यांनाच जाऊन मिळाला, स्वतःला बादशहा म्हणवून घेतलं आणि अजमेरवर चालून आला. औरंगजेबाकडे त्या क्षणी फौज कमी होती. त्याने काय केलं, पोराच्या नावाने एक खोटं पत्र लिहिलं, की शाब्बास, ठरल्याप्रमाणे राजपुतांना बरोबर जाळ्यात आणलंस, आता उद्या दोन्ही बाजूंनी त्यांना कापू. आणि ते पत्र राजपुतांच्या हाती पडेल अशी व्यवस्था केली. त्याच रात्री अकबराचा मुख्य साथीदार तहव्वुरखान सासऱ्याच्या दबावाखाली बादशहाच्या छावणीत गेला आणि तिथे मारला गेला. राजपुतांना वाटलं पत्र खरं आहे, ते रातोरात निघून गेले. सकाळी उठून अकबर बघतो तर आजूबाजूला फौजच नाही.

एका कागदावर लढाई जिंकली, हुशारीबद्दल प्रश्नच नाही. पण पुढे? राजपुतांचा पुढारी दुर्गादास राठोडला खरं कळलं, तो अकबराला घेऊन थेट आपल्याकडे आला, संभाजीराजांच्या आश्रयाला, सुधागड-पालीच्या बाजूला शहजाद्याचा मुक्काम पडला. आणि त्याच साली औरंगजेब जो दख्खनेत उतरला तो परत दिल्लीला गेलाच नाही. पोरगं मराठ्यांना जाऊन मिळालंय ही धास्ती हे त्याचं एक मोठं कारण. अकबराने इकडून बापाला पत्र पाठवलं त्यात सरळ म्हटलं की या वाटेवरचे गुरू तर तुम्हीच. पुढे १६८७ मध्ये तो राजापूरहून जहाजाने इराणला निघून गेला आणि बापाच्या आधी वर्षभर तिकडेच मेला. बापलेकांची भेट त्यानंतर कधीच झाली नाही.

तुमचं गुपचूप बदललेलं मृत्युपत्र म्हणजे तसलाच कागद आहे. धाकट्याला सगळं मिळेल, मोठा कोर्टात जाईल, बापावर दबाव होता, आजारी होते, मुनीमने सही घेतली असं म्हणेल, आणि उत्तर द्यायला तुम्ही नसाल. धाकट्याला तुम्ही काय देताय? दोन गोडाऊन आणि एक पंधरा वर्षं चालणारी केस. आणि भाऊ गेला तो गेलाच.

मुलीबद्दल तुम्ही पत्रात अर्धी ओळ लिहिलीत, "तिचा प्रश्न नाही." प्रश्न आहे. अकबराची रिकामी छावणी लुटली तेव्हा त्यात औरंगजेबाच्या मुलीची, झेबुन्निसाची पत्रं सापडली. भावाशी पत्रव्यवहार केला म्हणून तिचा चार लाखांचा तनखा बंद, मालमत्ता जप्त, आणि १७०२ मध्ये मरेपर्यंत दिल्लीच्या सलीमगडात कैद. एका गुपिताच्या मागे लागून बापाने मुलगाही घालवला आणि मुलगीही. तुमची मुलगी दोन्ही भावांशी बोलते ना? मग तिला तुमच्यापेक्षा जास्त माहिती असणार. तिला एकदा सरळ विचारा, मोठ्याचं काय चाललंय म्हणून नाही, तर "मी तुमच्यापासून काय लपवतोय असं तुम्हाला वाटतं?" असं विचारा. आणि मृत्युपत्रात तिचाही वाटा लिहा, उपकार म्हणून नाही.

आता मुनीमजी. काका, इथे तुम्हाला राग येईल, पण मला सगळ्यात जास्त काळजी त्यांचीच वाटते. माणूस वाईट आहे असं मी म्हणत नाहीये. पण तुमची तब्येत त्यांना माहीत, मोठ्याचं व्हॉट्सॲप त्यांना माहीत, धाकट्याच्या उधाऱ्या त्यांना माहीत, कोणाला किती सांगायचं हेही तेच ठरवतात. तुम्हाला वाटतंय गुपितं तुमच्या हातात आहेत, प्रत्यक्षात ती मधल्या माणसाच्या हातात गेलीत आणि तुम्ही तिघंही बापलेक त्याच्याकडून एकमेकांबद्दल ऐकताय. जिंजीला नेमकं हेच झालं. मराठ्यांनी रस्ते अडवले, बादशहाच्या छावणीतून पत्रं येईनात, आवई उठली की औरंगजेब मेला. कामबक्षला वाटलं आता आपल्याबरोबरचे सरदार आसदखान आणि त्याचा मुलगा झुल्फिकारखान आपल्याला धरून नव्या बादशहाच्या स्वाधीन करणार, म्हणून त्याने राजाराम महाराजांकडे बोलणी लावली. आणि त्या बापलेकांना वाटलं शहजादा आपल्याला पकडणार, म्हणून त्यांनीच आधी त्याला पकडलं. बाप जिवंत होता! कोणीतरी त्याची खरी खबर वेळेवर पोचवली असती तर यातलं काही झालं नसतं.

इथे कोणीतरी म्हणेल की मोगलांचं काय सांगता, आपल्याकडचं सांगा. आपल्याकडच्या त्या विषयावर लोक लगेच हातघाईवर येतात म्हणून एवढंच सांगते. शंभूराजे १६७८ च्या डिसेंबरात मोगलांच्या दिलेरखानाकडे गेले, वर्षभराने परत आले, आणि शिवाजी महाराज स्वतः पन्हाळ्याला जाऊन त्यांना भेटले. दूत नाही, चिठ्ठी नाही, समोरासमोर. मनात काय काय असेल त्यांच्या, पण भेटले. आणि तीनच महिन्यांनी, ३ एप्रिल १६८० ला महाराज रायगडावर गेले तेव्हा ती खबर पन्हाळ्याला पोचू नये अशी काळजी कारभाऱ्यांनी घेतली, त्याचं पुढे काय झालं ते शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. भेट वडिलांनी घडवली, बातमी मधल्यांनी दाबली. दोन्ही एकाच घरातलं.

अजून एक फरक तुमच्या लक्षातून सुटलाय. मोगलांकडे थोरल्याला गादी असा नियम नव्हता, जो हरेल तो मरेल असा कारभार होता. म्हणून तिथे प्रत्येक शहजादा जिवाच्या भीतीने वागायचा आणि बापही. तुमच्या घरात कोणी कोणाचा गळा कापणार नाहीये. कायदा आहे, वाटण्या होतात, भाऊ वेगळे होऊनही दिवाळीला एकत्र जेवतात. तुम्ही औरंगजेबाची भीती उसनी आणलीत, त्याची परिस्थिती तुमच्याकडे नाही.

मग करायचं काय. सगळं एका दिवसात उघडं करा असं मी म्हणणार नाही, उलट ते करूच नका, घरात स्फोट होईल. काही गोष्टी तुमच्या खाजगी आहेत आणि त्या राहू द्या, तुमची एफडी किती, गावाकडच्या कोणाला मदत करता, हे पोरांना कळायलाच हवं असं नाही. माझी कसोटी साधी आहे. उद्या सकाळी तुम्हाला बोलता आलं नाही तर घरच्यांना कशाची गरज पडेल? ते आज सांगायचं.

त्यात पहिली तब्येत. काकूंना आधी, एकटीला. मग तिन्ही मुलांना एकत्र बसवून, एकाच वेळी, सारख्याच शब्दांत. एकाला आज आणि दुसऱ्याला उद्या असं केलंत तर "त्याला आधी का सांगितलं" यावरून नवीन महाभारत. हॉस्पिटलची फाईल, गोळ्यांची यादी, मेडिक्लेमचा कागद, डॉक्टरचा नंबर एका पिशवीत घालून कपाटात, आणि पिशवी कुठे आहे ते सगळ्यांना माहीत.

नंतर कॅमेऱ्याचा आवाज बंद करा, आणि पोरांना सांगा की तो चालू होता. न सांगता बंद केलात आणि नंतर त्यांना कळलं तर जास्त वाईट. कॅमेरा राहू दे, गोडाऊनला लागतोच. मुनीमजींचा रात्रीचा फोन बंद, त्याऐवजी आठवड्यातून एकदा दुकानात तुम्ही, दोन्ही मुलगे आणि मुनीमजी असे चौघं बसून येणी-देणी बघा. ज्याला जे सांगायचं ते चौघांसमोर. सुरुवातीला कोणी काही बोलणार नाही, दोन-तीन वेळा नुसता चहा पिऊन उठाल, चालेल.

मोठ्याशी बोलताना तो व्हॉट्सॲपचा फोटो काढू नका. तो काढलात की विषय एजन्सीचा राहणार नाही, माझा मोबाईल कोणी बघितला यावर जाईल, आणि त्यात तो बरोबर असेल. आधी तुमची बाजू सांगा, की मी आजारपण लपवलं, धंद्याचं पुढे काय ते तुमच्याशी कधी बोललोच नाही, आता बोलायचंय. मग विचारा, तुला पुढच्या पाच वर्षांत काय करायचंय. तो कदाचित स्वतःहून एजन्सीचं सांगेल. नाही सांगितलं तर थांबा, लगेच पकडायला जाऊ नका, तुम्ही इतकी वर्षं लपवलंत, त्याला थोडे आठवडे द्या. आणि सांगितलंच, की मला वेगळं काढायचंय, तर त्याला गद्दार म्हणायच्या आधी आठवा की तुम्हीही कधीतरी कोणाच्या तरी हाताखालून बाहेर पडूनच हे उभं केलंत.

हो, असंही होऊ शकतं की तुमचा संशय खरा निघेल, तो खरंच गिऱ्हाईकं फिरवत असेल, पैसे वळवत असेल. तरी मार्ग हाच आहे, फक्त मग सीएकडून हिशोब तपासून घ्यायचे आणि कागदावर वाटणी करायची, तुमच्या डोळ्यांदेखत. औरंगजेबाने शेवटच्या दिवसांत काय केलं माहितीये? मरायच्या आठवडा-दीड आठवडा आधी कामबक्षला विजापूरला पाठवलं आणि आझमला माळव्याला, का तर आपल्या मृत्यूशय्येपाशी दोघांनी भांडू नये. राज्य वाटून घ्या असा कागद म्हणे उशीखाली सापडला. आझम मुद्दाम रेंगाळत चालला होता, खबर मिळताच उलटा फिरला. जूनमध्ये आग्र्याजवळ जाजऊला मुअज्जमने आझमला मारलं, १७०९ च्या जानेवारीत हैदराबादेजवळ कामबक्ष गेला. मुअज्जम ६३ व्या वर्षी बादशहा झाला आणि पाच वर्षंही पुरी झाली नाहीत. उशीखालचा कागद कोणी वाचत नाही हो काका.

जी मुलं हे वाचतायत आणि ज्यांचे बाप असे आहेत, त्यांच्यासाठीही थोडं. परस्पर बोलणी करायचीच असतील तर निदान बापाला दुसऱ्याकडून कळायच्या आत स्वतः सांगा. वडील ओरडतील, दोन दिवस जेवणार नाहीत. आणि वडिलांच्या माणसांना फोडायच्या नादाला लागू नका, ड्रायव्हरला शंभर-दोनशे देऊन साहेब कुठे गेले होते हे काढून घेणारी मुलं मी बघितलीत, तो ड्रायव्हर तीच खबर दुसऱ्या भावालाही विकतो.

मृत्युपत्राचं शेवटचं. ते कराच, पण मोठ्याशी बोलणं झाल्यावर. वडिलोपार्जित काय आणि तुमच्या कमाईचं काय हे वकिलाकडून आधी वेगळं काढून घ्या, कारण वडिलोपार्जित पूर्ण तुमच्या मर्जीने देता येत नाही आणि त्यात मुलीचाही हक्क आहे. नॉमिनी लावला म्हणजे तो मालक झाला असं होत नाही, तेही समजून घ्या. दोन साक्षीदार लागतात, ज्यांना काही मिळणार आहे असा माणूस त्यात नको. रजिस्टर करणं सक्तीचं नाही, पण तुमच्या केसमध्ये कराच, आणि त्या वेळी डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडा. आकडे नाही सांगितले तरी चालेल, पण मृत्युपत्र आहे, कुठे आहे आणि ढोबळ कल्पना काय आहे एवढं तिघांना कळू द्या. वकील मात्र नगरचा नको, पुण्याचा बघा, आणि मुनीमजींनी सुचवलेला तर अजिबातच नको.